विषय काढायचा न्हाई

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर आलेला गुरुलिंगअप्पांनी सगळ्यांच्या आधी पाहिला, आणि तरीही त्या दिवशी पाणी मिळालं नाही ते फक्त आमच्याच घराला. अप्पा बाहेरून आले, चपला जोडीनं नीट ठेवल्या, खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "काय शिवानंद, कचेरीत काय म्हणून राहिलेत साहेब?" मी साहेबांचं सांगितलं. मग त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, उमाच्या शाळेची केली, यंदा आंब्याला मोहोर कसा काय ते विचारलं. पंधरा-वीस मिनिटांनी रिकाम्या टँकरचा खडखडाट गल्लीबाहेर गेला तेव्हा अप्पा म्हणाले, "हां, त्याच्यावरून आठवलं."

माझी बायको महादेवी कळशी घेऊन दारात उभी राहिली. अप्पा तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यामुळे त्यांना ती काही बोलली नाही. जे बोलायचं ते तिनं मला बोलून घेतलं.

अप्पा माझे साडू. उदगीरच्या एका तेलगिरणीत ते बावीस वर्षं मॅनेजर होते. मालक महिन्यातून एकदा हैदराबादहून यायचा. बाकीचे एकोणतीस दिवस गिरणी म्हणजे अप्पा. पण दोन वर्षं ओळीनं पावसानं दगा दिला. करडई आली नाही, शेंगा आल्या नाहीत, गाळायला काही उरलंच नाही. मालकानं गिरणीला कुलूप लावलं आणि अप्पांना सांगितलं, "पाडव्यापर्यंत क्वार्टर वापरा." म्हणजे पाडव्याच्या आत अप्पांना नोकरीही हवी होती आणि डोक्यावर छप्परही. वय पंचावन्न. मूलबाळ नाही. आक्का, म्हणजे महादेवीची बहीण, उदगीरला क्वार्टर सांभाळत बसली आणि अप्पा संक्रांतीनंतरच्या सोमवारी पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे आले.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी उस्मानाबादहून बदलून नव्या कलेक्टर कचेरीत आलो होतो. गावात रोज कुठल्या तरी ऑफिसाची पाटी लागत होती आणि गावाबाहेर नव्या कारखान्यांचे पाये खणले जात होते. पाणी नव्हतं, पण पाये खणायला पाणी लागत नाही. नव्या गिरण्या उभ्या राहणार म्हणजे त्यांना मॅनेजर लागणार, हा अप्पांचा अंदाज बरोबर होता. मी म्हणालो, "अप्पा, एक चांगला अर्ज लिहू. मी टाइप करून आणतो, पाच-सहा ठिकाणी देऊन टाकू."

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना भीक मागायला सांगितलंय. "अर्ज कारकून करतो, शिवानंद. मॅनेजर भेटी घेतो."

मी स्वतः कारकून. ऐकून घेतलं.

मग त्यांनी मला भेटींचं शास्त्र समजावून सांगितलं. पहिल्या भेटीत विषय काढायचा न्हाई. दुसऱ्या भेटीत तर न्हाईच न्हाई. तिसऱ्या भेटीत तो समोरच्यानं काढायचा. नोकरी हा शब्द तोंडातून गेला की आपण मागणारे झालो, आणि मागणाऱ्याला खुर्ची मिळते पण मॅनेजरची न्हाई मिळत. भेट वीस मिनिटांच्या वर लांबवायची न्हाई. उठताना फक्त एक इचारायचं: "आणखी कुणाला भेटावं म्हणता?" त्यानं दोन नावं दिली की त्या दोघांकडं जायचं.

"बरं, मग जा," मी म्हणालो.

"तुमी बी चला. एकटा गेला की मागायला आल्यासारखा दिसतो. दोघं गेले की भेटीला आल्यासारखे दिसतात."

तेव्हापासून माझी प्रत्येक संध्याकाळ गेली. कचेरीतून यावं तर अप्पा बंद गळ्याचा कोट घालून, कपाळाला भस्म लावून, घड्याळाला चावी देत तयार. शिमगा जवळ आला, ऊन तापायला लागलं, तरी कोट सुटला नाही. माझ्या सायकलवर डबलसीट बसून ते गावभर फिरायचे आणि ज्याच्याकडे जायचं त्याच्या घरापासून दोनशे पावलांवर उतरायचे. मॅनेजर सायकलच्या मागं बसून आलेला दिसू नये म्हणून. तिथून पुढं मी सायकल ढकलत आणि ते हात मागं बांधून, असे आम्ही दोघं.

भेटीत ते जे बोलायचे त्यानं माझं डोकं उठायचं. एका डाळमिलवाल्याकडं वीस मिनिटं तुरीच्या पॉलिशवर बोलणं झालं. त्या मालकाची ओळख दोन तेलवाल्यांशी होती, एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. अप्पांनी शब्द टाकला नाही. उलट त्या घरच्या बाईंनी गरम भजी आणली तेव्हा अप्पांनी एक भजं अंगठ्यानं दाबलं, तेल बोटांत चोळलं, वास घेतला आणि म्हणाले, "करडईत सरकी मिसळलीय. कुठून घेता?" ते तेल त्या बाईंच्या सख्ख्या भावाच्या दुकानातलं होतं. त्या घरी दुसरी भेट झाली नाही.

"अप्पा, तेलाचं कशाला काढलं?" रस्त्यात मी विचारलं.

"तेलाचं काढलं. नोकरीचं काढलं का? न्हाई न्हवं."

नावातून नावं निघत गेली. डाळमिलवाल्यानं वखारवाला सांगितला, वखारवाल्यानं वकील, वकिलानं एक मास्तर, असं करत अकरावी भेट एका रिटायर इंजिनिअरांकडं झाली. अप्पा मला सगळीकडं "हे आमचे साडभाऊ" एवढंच म्हणायचे; नाव सांगायचं नाही, कारण बरोबरच्या माणसाचं नाव सांगितलं की लोकं त्याच्याशीच बोलत बसतात. तर अप्पांनी उठताना नेहमीचा प्रश्न विचारला. इंजिनिअर डोकं खाजवून म्हणाले, "असं करा, कलेक्टर कचेरीत शिवानंद पाटणे म्हणून एक कारकून हाय. सगळ्या फायली त्याच्या हातून जातात. त्याला भेटून बघा."

मी तिथंच बसलो होतो, इंजिनिअरांच्या चहाचा कप हातात धरून.

कुणाला वाटेल, अप्पा हसले असतील. दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून घरी आलो तर आमच्याच बैठकीत अप्पा कोट घालून बसलेले. "शरणार्थी," परक्याला नमस्कार करावा तसे हात जोडून ते म्हणाले. मग त्यांनी वीस मिनिटं माझी भेट घेतली. नव्या जिल्ह्याची कचेरी कशी चाललीय, साहेब कुठले, पाण्याची योजना कुठवर आली. मी वैतागून हो-नाही करत राहिलो. महादेवी आतून बघत होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती. घड्याळ बघून अप्पा उठले आणि मला म्हणाले, "आणखी कुणाला भेटावं म्हणता?"

मी म्हणालो, "डॉक्टरला."

तेही त्यांनी मनावर घेतलं नाही. "गंमत न्हाई. साखळी तुटू द्यायची नसती."

शेवटी मीच साखळीतला माणूस म्हणून एक नाव दिलं. चनबसप्पा, ज्यांना सगळं मार्केट तात्या म्हणतं. आडतीचा मोठा धंदा, आणि गावाबाहेर सोसायटीची जी नवी तेलगिरणी उभी राहत होती तिचे ते चेअरमन. मशिनी येऊन पडल्या होत्या आणि मॅनेजर अजून ठरला नव्हता, हे मला फायलीवरून ठाऊक होतं. ही एकच जागा अप्पांच्या लायकीची होती. पाडव्याला महिना राहिला होता. मी हात जोडून म्हणालो, "अप्पा, इथं तरी पहिल्याच भेटीत बोला."

"बघू," अप्पा म्हणाले. म्हणजे न्हाई.

पहिल्या भेटीत तात्यांच्या मंडळी चहा घेऊन आल्या आणि बायका विचारतात तसं त्यांनी अप्पांना विचारलं, "मुलं किती तुमाला?"

अप्पा म्हणाले, "एक मुलगी हाय."

मी चमकलो. बाहेर आल्यावर विचारलं, "कोणती मुलगी?"

"उमा."

"उमा माझी मुलगी आहे."

"मग? हायच की. प्रत्येक घरी सगळी कथा सांगत बसायची का?" आणि ते हात मागं बांधून चालायला लागले. तेव्हा मला कळलं की अकरा घरी त्यांनी हेच उत्तर दिलं असणार, मी सायकल लावेपर्यंत.

त्याचा परिणाम काय झाला तो मला महादेवीकडून समजला. टँकरच्या रांगेत तिला बायकांनी गाठलं. "उमासाठी लई मोठमोठी घरं बघून राहिलेत म्हणं तुमचे मालक?" उमा आमची एकुलती एक. डी. एड. करून एका प्राथमिक शाळेत लागली होती, तात्पुरत्या जागेवर. तिच्या लग्नाचं आम्ही अजून मनातसुद्धा आणलं नव्हतं. पण लोकांचं काय चुकलं? आमच्याकडे मुलीसाठी स्थळ बघायला साडूला बरोबर घेऊनच जातात. एक कोटवाला, एक साडू; घरच्या माणसांची चौकशी करतात, मुलगी आहे म्हणतात, आणि कशासाठी आलो ते मात्र सांगत नाहीत. पहिल्या भेटीत न काढण्याचा विषय आमच्या भागात एकच असतो. सगळ्या लातुरात हे न कळलेला माणूस एकच होता, असं मला वाटत होतं.

मी अप्पांना सगळं सांगितलं आणि स्पष्ट म्हणालो, "आता पुरे. तात्यांना सरळ सांगा, मला मॅनेजर व्हायचंय." अप्पा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "दुसरी भेट होऊ द्या."

दुसऱ्या भेटीला तात्यांचा मुलगा घरी आला. विश्वनाथ, जनावरांचा डॉक्टर. दुष्काळामुळं गावाबाहेर जनावरांची छावणी उघडली होती, तिथं तो दिवसभर असायचा. पायापासून डोक्यापर्यंत धूळ. अर्ध्या तांब्यात त्यानं हातपाय तोंड सगळं धुतलं आणि खाली बादलीत साठलेलं पाणी उचलून दारातल्या लिंबाच्या रोपाला घातलं. तो पाटावर बसला, पहिला घास घेणार, तेवढ्यात दारात एक म्हातारा आला. बैल खाली बसलाय, उठंना झालाय म्हणाला. विश्वनाथ ताट तसंच सारून गेला. आई मागून हाका मारत राहिली. मी घड्याळाकडं बघत होतो. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, अप्पा उठायला तयार नाहीत. तात्यांशी बोलणं सोडून मुलगा गेला त्या दाराकडंच त्यांचं लक्ष. माझ्या मनात आलं, झालं, आता यांचं शास्त्रही बिघडलं.

तिसऱ्या भेटीला पाडवा आठ दिवसांवर होता. आक्काचं पत्र आलं होतं, मालकाचा माणूस क्वार्टर बघून गेला म्हणून. मी वाटेत ठरवलं की आज अप्पा बोलले नाहीत तर मी बोलणार, मग साडूपणा राहो की जावो.

पण वेळच आली नाही. चहा झाल्याबरोबर तात्या पुढं सरकून बसले. "अप्पा, तुमी तीनदा आलात. तुमी काय बोलंनात. मग आता मीच विषय काढतो."

 दोन महिने ज्या शास्त्राला मी शिव्या घातल्या ते माझ्या डोळ्यांदेखत खरं होत होतं.

"आमच्या विश्वनाथसाठी आलात न्हवं?" तात्या म्हणाले. "चुकत असलं तर सांगा."

चुकतंय, हे सांगायला मी तोंड उघडलं. अप्पांचा हात माझ्या गुडघ्यावर आला, दुखऱ्याच गुडघ्यावर, आणि त्यांनी तो असा दाबला की माझा शब्द आतल्या आत राहिला. ते तात्यांकडं वळले. मग म्हणाले, "हाव. त्याच्यासाठीच आलो. आमची उमा हाय. शाळेत शिकवती. लग्नानंतर बी शिकवंल, एवढं आत्ताच सांगून ठेवतो."

तात्या म्हणाले, "शिकवू द्या की. आधी मुलगी बघू."

विषय निघाला तो असा. आम्ही उठलो, पायात चपला घालत होतो, तेवढ्यात तात्यांना काहीतरी आठवलं. "अप्पा, तुमी उदगीरच्या गिरणीत होतात म्हणं. आमच्या नव्या गिरणीला मॅनेजर मिळंना झालाय. तुमच्यासारखा माणूस…"

"मला आता न्हाई जमायचं, तात्या," अप्पा म्हणाले, अगदी शांतपणे. "देगलूरचा नरसिंगराव म्हणून माझा असिस्टंट होता. मशीन त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला बोलवून घ्या, मी चिठ्ठी देतो."

सायकलपाशी येईपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग भर रस्त्यात माझा तोल सुटला. मी काय काय बोललो ते आता आठवत नाही, पण बोललो खूप. पाडव्याला कुठं राहणार? आक्काला काय सांगणार? चालून आलेली खुर्ची दुसऱ्याला देऊन टाकली, त्यांनी अजून पोरगी पाहिलेली नाही, आणि मुख्य म्हणजे मला, मुलीच्या बापाला, विचारलं का?

"उमाला इचारलं," अप्पा म्हणाले. "दुसऱ्या भेटीनंतर. तिची शाळा छावणीच्या मागंच हाय. तिनं त्याला माझ्या आधी पाहिलंय. हाव म्हणाली."

मी सायकलचं कुलूप काढायला वाकलो.

"ते काय समजून राहिलेत हे मला तुमी सांगायच्या आधीच कळलं होतं. पोरगा बरा वाटला म्हणून त्यांचा समज पुसून टाकला न्हाई."

"मग दोन्ही करायचं होतं. मुलगीही द्यायची आणि नोकरीही घ्यायची."

"सोयऱ्याकडं पगार घ्यायचा नसतो, शिवानंद. महिन्याच्या महिन्याला मी त्यांच्यापुढं हात करायचा आन त्यांच्या घरात उमानं मान वर करून राहायचं, हे होत न्हाई. आन आधी मॅनेजर झालो असतो, तर नोकराच्या घरातली मुलगी बघायला ते आलेच नसते." मग ते म्हणाले, "एक कायतरी निवडायचं होतं. माझी असती तरी हेच निवडलं असतं."

आम्ही घरापर्यंत चालतच गेलो. त्यांना मागं बसवून सायकल चालवायची माझ्यात ताकद नव्हती, आणि सायकलवर बसा असं त्यांना म्हणायची लाजही वाटली. दोन महिने मी या माणसाच्या जाण्याची वाट बघत होतो, हे त्या रस्त्यावर मला फार लागलं.

गुरुवारी तात्यांकडची माणसं उमाला बघून गेली, ती माझी मुलगी हेही मी त्यांना तेव्हाच सांगितलं, आणि होकार आला. शनिवारी याद, म्हणजे लग्नाची यादी, करायचं ठरलं. शनिवारी सकाळी उठून बघतो तर अप्पांनी पत्र्याची पेटी भरलेली.

"कुठं निघालात?"

"उदगीरला. तिकडची माणसं येणार. मुलीच्या घरात बेकार माणूस बसलेला दिसणं बरं न्हाई."

मला इतका राग आला की मी पेटी त्यांच्या हातातून ओढून आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि महादेवीला सांगितलं, किल्ली तुझ्याकडं ठेव. मग अप्पांना म्हणालो, "पाडव्याच्या आत आक्काला आणि सामानाला इकडं आणायचं. जागा नाही हे मला माहीत आहे. नोकरीचं पुढं बघू." नोकरी त्यांना पुढं मिळाली, बिलोलीकडच्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये, मॅनेजरची नव्हे, पण ती पावसाळ्यानंतरची गोष्ट.

दुपारी बैठक भरली. तात्यांचे चुलतभाऊ, रिटायर मास्तर, याद लिहायला बसले. मुलाकडची नावं झाली. मग त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मुलीकडून कर्ते कोण?"

अप्पा भिंतीपाशी, सगळ्यांच्या मागं बसले होते. त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"गुरुलिंगअप्पांचं नाव लिहा," मी म्हणालो. "माझं खाली."

मास्तरांनी नाव लिहिलं. "मुलीशी नातं?"

बावीस वर्षं गिरणी चालवलेला, अकरा घरी न अडखळता बोललेला माणूस खाली सतरंजीकडं बघत राहिला. तात्या थांबले, सगळे थांबले. मला तो उशीर सहन होईना. "थोरले वडील लिहा," मी जरा चिडूनच म्हणालो.

मास्तरांनी लिहिलं आणि सगळी याद मोठ्यानं वाचून दाखवली. लोक सुपारीकडं वळले. अप्पा तेवढे पुढं सरकले, मास्तरांच्या अगदी जवळ जाऊन बसले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, ती वरची एक ओळ आणखी एकदा वाचा बघू."